अमेरिकन राज्यघटनेचा अर्थ लावताना बाहेरच्या कायद्याला नेमकी किती जागा?

पूर्वपीठिका

अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय परदेशी कायद्याकडे बघतं की नाही, हा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'ते कुणाचंच ऐकत नाहीत.' दुसरं, 'जगाचं ऐकून त्यांनी अल्पवयीनांची फाशी बंद केली.' निकालपत्रं उघडून वाचली तर दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. म्हणून हा धागा.

गोंधळाचं मूळ असं की 'बाहेरचा कायदा' या एकाच नावाखाली आपण अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. अमेरिकेने स्वतः केलेला करार ही एक गोष्ट. घटनेच्या सहाव्या अनुच्छेदानुसार असा करार देशाच्या सर्वोच्च कायद्याचा भाग असतो आणि राज्यांच्या न्यायाधीशांनाही बांधतो. १७९६ च्या वेअर विरुद्ध हिल्टन खटल्यात व्हर्जिनियाचा कायदा याच कारणाने पडला, कारण ब्रिटिश सावकारांची कर्जं बुडवणारा तो कायदा १७८३ च्या पॅरिस तहाच्या विरोधात जात होता. देशोदेशींच्या वहिवाटीतून रूढ झालेला आंतरराष्ट्रीय कायदा ही दुसरी गोष्ट. भारत, कॅनडा, जर्मनी अशा देशांच्या न्यायालयांचे निकाल ही तिसरी, आणि ते कुणालाच बंधनकारक नाहीत. शिवाय १७७६ पूर्वीचा इंग्लंडचा कायदा आहेच. तो परदेशी मानायचा की घरचा, यावर तिथे आजही एकमत नाही.

निकालपत्रात परदेशी उल्लेख दिसला की मी एकच कसोटी लावतो. तो परिच्छेद काढून टाकला तर निकाल बदलतो का? घटनेच्या अर्थाचा प्रश्न असेल तिथे उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असं येतं. तरीही त्या परिच्छेदावरून न्यायाधीश एकमेकांवर इतक्या कडक शब्दांत तुटून पडतात, याचा अर्थ भांडण निकालापेक्षा मोठ्या गोष्टीवरून आहे. अमेरिकन घटनेचा अर्थ ठरवताना कुणाच्या अनुभवाला पुरावा मानायचं, यावरून ते आहे.

जाणकारांनी कृपया खटल्याचं नाव आणि साल देऊन लिहावं.

दाखलेवाला

उत्तम विषय. सुरुवात आपल्या ओळखीच्या दाखल्यापासून करतो, कारण त्यात परदेशी कायदा वापरण्याचा फायदा आणि धोका दोन्ही एकाच निकालपत्रात दिसतात.

मिरांडा विरुद्ध ॲरिझोना, १९६६. अटकेतल्या माणसाला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगितल्याशिवाय चौकशी केली तर ते जबाब चालणार नाहीत, हा तो प्रसिद्ध निकाल. त्यावर आक्षेप होता की असं केलं तर पोलिसांना गुन्हे उकलताच येणार नाहीत. सरन्यायाधीश वॉरन यांनी उत्तरादाखल इतर देश दाखवले: इंग्लंडचे न्यायाधीशांनी घालून दिलेले नियम, स्कॉटलंड, भारत आणि सिलोन. मॅजिस्ट्रेटच्या गैरहजेरीत पोलिसांकडे दिलेला कबुलीजबाब भारतात १८७२ पासून पुराव्यात घेत नाहीत, आणि तोही ब्रिटिश राज्य असताना, हे त्यांनी नोंदवलं. म्हणजे आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्याचं कलम २५ आणि २६. सिलोनच्या १८९५ च्या अध्यादेशात तीच तरतूद आहे, हेही तिथे येतं.

आता न्यायमूर्ती हार्लन यांचं विरोधी मत वाचा. ते म्हणतात, बहुमताने अर्धाच कायदा सांगितला. भारतात आणि सिलोनमध्ये या बंदीला मोठा अपवाद आहे: पोलिसांच्या चौकशीतून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढा जबाब पुराव्यात येतो. म्हणजे आपलं कलम २७! इथल्या कुठल्याही फौजदारी वकिलाने पहिल्या मिनिटाला हेच सांगितलं असतं. हत्यार, रक्ताचे कपडे, चोरीचा माल यांच्या जप्तीचे पंचनामे सगळे त्याच कलमावर उभे असतात. डिसेंबर १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (भारतासाठीचं तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) पुलुकुरी कोटय्या खटल्यात त्याची मर्यादा आखून दिली. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तिन्ही कलमं एकाच कलम २३ मध्ये आली आहेत आणि जुनं २७ तिथे परंतुक म्हणून बसलं आहे. नव्या रचनेत नियम आणि अपवाद शेजारीशेजारी असल्यामुळे वॉरन यांच्याकडून सुटलं ते आज सुटणं अवघड.

वॉरन यांचा निष्कर्ष मला बरोबर वाटतो. पण दुसऱ्या देशाचं कलम उचलताना त्याच्या पुढचं कलम वाचलं नाही तर काय होतं, ते यापेक्षा स्पष्ट कुठेच दिसत नाही.

ऋजुता

दाखलेवाला यांच्या प्रतिसादानंतर विरोधी बाजू मांडणं सोपं झालं. ती नीट मांडायलाच हवी, कारण आपल्याकडे ती 'अमेरिकन अहंकार' म्हणून उडवून लावतात. ते अन्यायाचं आहे.

पहिला आक्षेप अधिकाराचा. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात प्रश्न होता की बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचं काम केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांवर लादू शकतं का. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी मतात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि युरोपीय संघ दाखवले: तिथे केंद्राचे कायदे घटक राज्यंच राबवतात आणि त्यामुळे राज्यांची स्वायत्तता उलट सुरक्षित राहते, असं तिथे मानतात. बहुमताचं निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी तळटीपेत उत्तर दिलं की अशी तुलना घटना लिहिताना उपयोगाची, तिचा अर्थ लावताना नाही. हा भेद पोकळ नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बसलेल्या लोकांनी डच आणि स्विस संघराज्यांचा अभ्यास केलाच होता. पण एकदा मजकूर मंजूर झाला की तो बदलायची वाट पाचव्या अनुच्छेदातून जाते: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग तीन चतुर्थांश राज्यं. बर्न किंवा स्ट्रासबर्गमध्ये मत बदललं म्हणून वॉशिंग्टनमध्ये घटनेचा अर्थ बदलला, तर ज्यांना मतदानाने हटवता येत नाही अशा परक्या संस्थांचा हात त्यात आला.

दुसरा आक्षेप निवडीचा. जॉन रॉबर्ट्स यांनी सरन्यायाधीशपदासाठीच्या २००५ च्या सिनेट सुनावणीत सांगितलं की परदेशी कायद्यात आधार शोधणं म्हणजे गर्दीवर नजर टाकून आपले मित्र तेवढे निवडणं. त्याच वर्षी स्कालिया यांनी रोपरच्या (अल्पवयीनांची फाशी बंद करणारा निकाल) विरोधी मतात याचे नमुने दिले. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सरसकट बाद करण्याचा अमेरिकन नियम तेव्हा जगात जवळपास एकटा होता. चर्च आणि सरकार यांच्यातली भिंत इतकी उंच ठेवणारे देश थोडे. गर्भ जगण्याइतका वाढेपर्यंत मागणीनुसार गर्भपाताला मुभा देणारे देश तेव्हा अमेरिका धरून सहाच. जगाचं ऐकायचं तर या तिन्ही ठिकाणीही ऐका, असा त्यांचा सवाल होता. त्याचं समाधानकारक उत्तर बहुमताने दिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारताचा उल्लेख या बाजूनेही आला आहे. १९९९ च्या नाइट विरुद्ध फ्लोरिडा प्रकरणात कैदी दोन दशकांहून अधिक काळ फाशीच्या प्रतीक्षेत होता. न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. ब्रायर यांनी त्या नकाराविरुद्ध लिहिताना प्रिव्ही कौन्सिल, झिंबाब्वे आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ चा शेरसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल दिला. न्यायमूर्ती थॉमस यांचं उत्तर होतं की आपल्याच कायद्यात काही आधार असता तर युरोपीय न्यायालय, झिंबाब्वे, भारत आणि प्रिव्ही कौन्सिल यांच्याकडे जायची वेळच आली नसती.

वाचनमात्र

छान चाललंय. एक शंका. १९०० च्या पाकेते हबाना निकालात तर सरळ लिहिलंय की आंतरराष्ट्रीय कायदा हा आमच्या कायद्याचा भाग आहे. मग वाद उरतोच कुठे? आणि करार जर घटनेनुसार सर्वोच्च कायदा आहे, तर मेदेयिन या मेक्सिकन कैद्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल असूनही टेक्सासने फाशी कशी दिली?

अनुच्छेद

@वाचनमात्र, दोन्ही प्रश्न कळीचे आहेत. क्रमाने घेतो, जरा लांबेल.

पाकेते हबाना आधी. १८९८ च्या युद्धात क्यूबाच्या किनाऱ्यावरच्या दोन मासेमारी नौका अमेरिकन आरमाराने पकडून लिलावात विकल्या. न्यायमूर्ती ग्रे यांनी इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या १४०३ च्या आदेशापासून पुढची वहिवाट तपासली आणि किनाऱ्यालगत मासे धरणाऱ्या साध्या नौका युद्धात जप्त करायच्या नसतात, असा निष्कर्ष काढला. वाक्य तुम्ही म्हणता तेच आहे. पण पुढचं वाक्य लोक गाळतात: जिथे करार नाही आणि सरकारची, काँग्रेसची (अमेरिकन संसदेची) किंवा न्यायालयाची निर्णायक कृती नाही, तिथे वहिवाटीकडे जायचं. म्हणजे मोकळी जागा असेल तेव्हा रूढ कायदा ती भरतो. काँग्रेसने त्याविरुद्ध स्पष्ट कायदा केला तर न्यायालय काँग्रेसचा कायदा लावतं. त्याआधी १८०४ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी चार्मिंग बेट्सी खटल्यात सांगितलेला नियम इथे जोडून वाचावा: काँग्रेसच्या कायद्याचा दुसरा कुठलाही अर्थ शक्य असेल तर तो राष्ट्रांच्या कायद्याचा भंग करतो असा अर्थ लावू नये. हा नियम संदिग्ध कायद्यासाठी आहे. शब्द स्पष्ट असतील तर तो गप्प बसतो. आणि तो काँग्रेसच्या कायद्यांना लागतो. घटनेचा अर्थ लावण्यासाठी तो वापरायचा प्रयत्न बरेच लेखक करतात, पण न्यायालयाने तसा नियम स्वीकारलेला नाही.

आता करार. अमेरिकन न्यायालयात एखादा करार उपयोगी पडेल का, हे तपासताना क्रम महत्त्वाचा आहे. सर्वांत आधी अनुमोदन झालंय का ते बघा. नुसती सही पुरत नाही, हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचा करार १९८० मध्ये आणि बालहक्कांचा करार १९९५ मध्ये सही होऊन पडून आहेत. अनुमोदन असेल तर त्यासोबत सिनेटने घातलेल्या अटी वाचा. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्ये मंजूर झाला, पण दोन गोष्टी जोडून: अल्पवयीनांच्या मृत्युदंडावरची बंदी आम्ही मान्य करत नाही, आणि अनुच्छेद १ ते २७ आपोआप लागू होणार नाहीत. बहुतेक लेख या पायरीवर घसरतात. कराराचा अनुच्छेद देतात आणि त्याला जोडलेली अट देतच नाहीत.

मग प्रश्न येतो आपोआप लागू होण्याचा. हा भेद मार्शल यांनी १८२९ च्या फॉस्टर विरुद्ध नील्सन मध्ये केला. स्पेनशी झालेल्या तहात जमिनींचे जुने हक्क पुढे मान्य केले 'जातील' असं इंग्रजी प्रतीवरून दिसत होतं, म्हणून ते काम काँग्रेसचं, न्यायालयाचं नाही, असं त्यांनी ठरवलं. चार वर्षांनी पर्चमन खटल्यात त्याच तहाची स्पॅनिश प्रत समोर आली. तिच्यात हक्क मान्य 'राहतील' असा अर्थ निघत होता, आणि मार्शल यांनी आपला निर्णय फिरवला. करार दोन भाषांत असेल तर दोन्ही प्रती मागवाव्यात, हा धडा तिथून मिळतो.

मेदेयिनचं प्रकरण याच पायरीवर अडलं. व्हिएन्ना कॉन्सुलर कराराच्या अनुच्छेद ३६ नुसार परदेशी माणसाला अटक झाली की दूतावासाशी संपर्काचा हक्क त्याला विनाविलंब सांगायचा असतो. तो सांगितला गेला नाही. ३१ मार्च २००४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ॲव्हेना निकालात ५१ मेक्सिकन कैद्यांच्या शिक्षांचा फेरविचार करा असं सांगितलं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २००५ मध्ये राज्यांनी तो निकाल पाळावा असं लेखी कळवलं. टेक्सासने नकार दिला. २५ मार्च २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी टेक्सासची बाजू घेतली. रॉबर्ट्स यांचा युक्तिवाद असा: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या अनुच्छेद ९४ मध्ये सदस्य देश हेगचा निकाल पाळण्याचं वचन देतो. ते वचन देशाने पुढे पार पाडायचं असतं, न्यायालयाला थेट मिळालेला तो हुकूम नव्हे. आणि आपोआप लागू न होणारा करार राष्ट्राध्यक्ष एकट्याच्या पत्राने कायदा बनवू शकत नाही, त्याला काँग्रेस लागते. काँग्रेसने कायदा केला नाही. ५ ऑगस्ट २००८ ला फाशी झाली. अमेरिकेचं आंतरराष्ट्रीय बंधन मोडलं हे रॉबर्ट्स यांनीही नाकारलेलं नाही. बंधन आहे पण ते न्यायालयात वापरता येत नाही, ही ती विचित्र आणि माझ्या मते दुःखद अवस्था.

यापुढे दोन चाळण्या उरतात. करारानंतर काँग्रेसने विरुद्ध कायदा केला असेल तर नंतरचा कायदा चालतो (व्हिटनी विरुद्ध रॉबर्टसन, १८८८). आणि करार घटनेच्या हक्कांवर मात करू शकत नाही (रीड विरुद्ध कोव्हर्ट, १९५७, परदेशी तळांवरच्या सैनिकांच्या बायकांना लष्करी न्यायालयापुढे उभं केलं होतं). हे दुसरं इतक्या ठामपणे सांगायची गरज का पडली? १९२० च्या मिसुरी विरुद्ध हॉलंडमुळे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या संरक्षणाचा साधा कायदा खालच्या न्यायालयांत टिकला नव्हता. १९१६ मध्ये ब्रिटनशी कॅनडाच्या वतीने करार झाला, त्यावर आधारलेला १९१८ चा कायदा मात्र टिकला. करार करून केंद्र राज्यांचे अधिकार गिळेल, ही भीती तेव्हापासूनची. करारांवर मर्यादा घालणाऱ्या सिनेटर ब्रिकर यांच्या घटनादुरुस्तीचा सौम्य मसुदा १९५४ मध्ये ६० विरुद्ध ३१ असा, दोन तृतीयांशांना अवघं एक मत कमी पडून पडला.

सांगलीकर

माहितीपूर्ण. ॲव्हेनाचा आपल्याशी थेट संबंध आहे हे इथे नोंदवतो. कुलभूषण जाधव प्रकरणात १७ जुलै २०१९ ला हेगने भारताच्या बाजूने जो उपाय दिला, 'परिणामकारक फेरविचार', तो लाग्रँड आणि ॲव्हेना या अमेरिकेविरुद्धच्या निकालांतूनच आला आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी: अटक झाल्यास भारतीय वकिलातीला कळवा अशी मागणी स्वतःहून आणि ताबडतोब करावी, कारण करारानुसार कळवणं त्या माणसाच्या इच्छेवर आहे. तो हक्क कुणी सांगितला नाही तर वकिलाने पहिल्याच न्यायालयात आक्षेप नोंदवायला हवा. २००६ च्या सांचेझ-लामास निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या: हक्क सांगितला नाही एवढ्यावर जबाब बाद होत नाही, आणि खालच्या न्यायालयात मुद्दा काढला नाही तर वर तो बंद करणारा राज्याचा नियम इथेही लागू होतो.

पूर्वपीठिका

अनुच्छेद, तुमचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. आता रोपर विरुद्ध सिमन्सकडे येतो, कारण सगळे त्याचंच नाव घेतात आणि वाचतात फार थोडे. १ मार्च २००५, ५ विरुद्ध ४, निकालपत्र न्यायमूर्ती केनेडी यांचं.

रचना बघा. आठव्या घटनादुरुस्तीत क्रूर आणि असाधारण शिक्षांना बंदी आहे. १९५८ च्या ट्रॉप विरुद्ध डलेस पासून तिचा अर्थ समाजाच्या प्रगत होत जाणाऱ्या सभ्यतेच्या मापाने लावतात. ते माप काढायला केनेडी आधी राज्यं मोजतात: ३० राज्यांत अल्पवयीनांना फाशी नाही, त्यांपैकी १२ मध्ये कुणालाच नाही. मग न्यायालयाचं स्वतःचं मत: कोवळ्या वयातली अपरिपक्वता, दबावाला बळी पडणं, स्वभाव अजून घडत असणं. इथे निकाल पूर्ण होतो. त्यानंतर चौथ्या भागात जग येतं. १९९० पासून अल्पवयीन गुन्हेगारांना फाशी देणारे इतर देश फक्त ७: इराण, पाकिस्तान, सौदी अरेबिया, येमेन, नायजेरिया, काँगो आणि चीन, आणि त्या सगळ्यांनी एव्हाना ती प्रथा सोडली किंवा जाहीरपणे नाकारली होती. बालहक्क कराराचा अनुच्छेद ३७ येतो. ब्रिटनचा वेगळा उल्लेख येतो, कारण आठव्या दुरुस्तीचे शब्दच १६८९ च्या इंग्लिश हक्कांच्या जाहीरनाम्यातून आले आहेत. केनेडी स्पष्ट लिहितात की जगाचं मत निर्णायक नाही, आपल्या निष्कर्षाला ते आदरणीय दुजोरा देतं.

मी वर सांगितलेली कसोटी लावा. चौथा भाग काढला तरी निकाल तोच राहतो. याची सर्वांत चांगली खूण न्यायमूर्ती ओ'कॉनर यांच्या मतात आहे. त्या निकालाच्या विरोधात होत्या, पण परदेशी कायदा बघण्याच्या विरोधात नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की देशात खरी सहमती झालेली मला दिसत नाही, मग दुजोरा द्यायचा कशाला? दुजोऱ्याला आधी मूळ निष्कर्ष लागतो. ही शिस्त मला पटते.

२००३ चा लॉरेन्स विरुद्ध टेक्सास वेगळ्या जातीचा आहे. १९८६ च्या बॉवर्स निकालात सरन्यायाधीश बर्गर यांनी लिहिलं होतं की समलिंगी संबंधांवर सरकारी बंदी पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासात सर्वत्र आहे. केनेडी यांनी दाखवलं की ब्रिटनमध्ये वुल्फेंडन समितीने १९५७ मध्येच बंदी उठवण्याची शिफारस केली, १९६७ मध्ये कायदा झाला, आणि बॉवर्सच्या पाच वर्षं आधी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डजन विरुद्ध युनायटेड किंगडम या निकालात उत्तर आयर्लंडचा तसाच कायदा युरोपीय मानवी हक्क कराराचा भंग ठरवला. इथे परदेशी निकालाचं काम एक चुकीचं विधान खोडणं एवढंच आहे. ऋजुता, निवडीचा आक्षेप इथे लागत नाही असं मला वाटतं. 'सर्वत्र आहे' हे विधान खोटं ठरवायला एक उलट उदाहरणही पुरतं.

ऋजुता

लॉरेन्सबद्दल मान्य. विधान जगाबद्दल असेल तर जगच तपासावं लागेल.

रोपरबद्दल नाही. त्याच चौथ्या भागात केनेडी यांनी नागरी हक्कांच्या कराराचाही दाखला दिला, आणि त्याच करारातली अमेरिकेची अट स्कालिया यांनी उलट बाजूने वापरली: ज्या देशाने बंदी मान्य करायला लेखी नकार दिला, त्याच्याविरुद्ध तोच करार कसा दाखवता? केनेडी यांनी ती अट नोंदवली होती, पण माझ्या मते एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

आणि मोजणीबद्दल. 'अमुक देशांत ही शिक्षा नाही' या वाक्यात तीन वेगळे आकडे लपतात: कायद्यात तरतूद आहे का, ती शिक्षा सुनावतात का, आणि अमलात आणतात का. २०१० च्या ग्रॅहम विरुद्ध फ्लोरिडामध्ये हे नीट दिसतं. अल्पवयीनांना सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप ११ देशांच्या कायद्यात होती, प्रत्यक्ष देणारे दोनच, अमेरिका आणि इस्रायल. इस्रायलमधले असे ७ कैदी खून किंवा खुनाच्या प्रयत्नाचे होते. म्हणून खुनाव्यतिरिक्त गुन्ह्यांसाठी उरली एकटी अमेरिका. ११ हा आकडा घेऊन लिहाल तर एक चित्र, १ घेऊन लिहाल तर दुसरं.

दाखलेवाला

ऋजुता यांच्या मोजणीच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. भर एवढीच की बाहेरचा दाखला फक्त उदारमतवादी न्यायाधीश देतात हा समज चुकीचा आहे. १९९७ च्या ग्लक्सबर्ग खटल्यात वैद्यकीय मदतीने आत्महत्या करण्याचा घटनात्मक हक्क नाकारताना सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी नेदरलँड्सचा १९९० चा सरकारी अभ्यास दिला, ज्यात रुग्णाच्या स्पष्ट विनंतीशिवाय मृत्यू घडवल्याची हजाराहून अधिक प्रकरणं होती. आणि २०२२ च्या डॉब्ज निकालात न्यायमूर्ती अलिटो यांनी मिसिसिपी विधिमंडळाचा निष्कर्ष उद्धृत केला, की अमेरिकेखेरीज सहाच देश २० व्या आठवड्यानंतर मागणीनुसार गर्भपात करू देतात. विरोधी मताने त्यावर जगभर कायदे सैल होत असल्याकडे बोट दाखवलं. म्हणजे मित्र दोन्ही बाजूंनी निवडले गेले.

एक कटू गोष्टही नोंदवायला हवी. परदेशी मापाने हक्क नेहमी वाढतातच असं नाही. १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात मॉर्मन पंथातल्या बहुपत्नीत्वावरची बंदी टिकवताना न्यायालयाने लिहिलं की उत्तर आणि पश्चिम युरोपातल्या राष्ट्रांना ही चाल नेहमीच घृणास्पद वाटली, ती जवळपास आशिया-आफ्रिकेतल्या लोकांपुरती होती. सतीचं उदाहरणही तिथे आहे: धर्म सांगतो म्हणून विधवेने चितेवर चढायचं ठरवलं तर सरकार अडवू शकणार नाही का? निष्कर्ष कुणाला पटो न पटो, 'सुसंस्कृत राष्ट्रं' कोण हे मोजणाऱ्याने आधीच ठरवलेलं होतं. उलट १८५७ च्या ड्रेड स्कॉटमध्ये सरन्यायाधीश टेनी यांनी युरोपातल्या बदललेल्या मताकडे बघायला साफ नकार दिला आणि गुलामगिरीच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही दरवाजांतून अन्याय आत आला आहे.

इंग्लिश कायद्याबद्दल: मूळ अर्थाला चिकटणारे न्यायाधीश तो मोकळेपणाने वापरतात, कारण त्यांच्या लेखी तो १७९१ च्या, म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या मंजूर झाल्या त्या वेळच्या लोकांच्या डोक्यात असलेला कायदा. पण तिथेही किती मागे जायचं हा प्रश्न आहेच. २०२२ च्या ब्रुएन निकालात थॉमस यांनी शस्त्र बाळगण्यावरचा १३२८ चा नॉर्दॅम्प्टन कायदा बाजूला ठेवला, कारण तो दुसऱ्या दुरुस्तीच्या साडेचारशेहून अधिक वर्षं आधीचा. आणि २००८ च्या बूमेदीनमध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकन लष्करी तळावरच्या कैद्यांना हेबियस कॉर्पसचा (अटकेला न्यायालयात आव्हान देणाऱ्या रिटचा) हक्क आहे का हे ठरवताना कंपनीच्या काळातल्या भारतात, कलकत्त्याच्या न्यायालयाकडून ती रिट चालत होती का, यावर चर्चा झाली. केनेडी यांना त्यातून निर्णायक उत्तर मिळालं नाही, आणि तसं त्यांनी लिहिलं. तुलना अपुरी असेल तेव्हा ती अपुरी आहे असं लिहिणं, हे मला या सगळ्या निकालांतलं सर्वांत प्रामाणिक काम वाटतं.

विधी_पुणे

मी एलएलएमला आहे. अमेरिकन घटनेवरच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी निवेदन लिहायचंय, विषय मृत्युदंडाला झालेला विलंब. शेरसिंग आणि त्रिवेणीबेन वापरू का? कसे?

अनुच्छेद

वापरा, पण शेवटच्या भागात. आधी आठव्या दुरुस्तीचे अमेरिकन निकाल, मग राज्यांची आकडेवारी, मग दीर्घ प्रतीक्षेने शिक्षेचा हेतू कसा संपतो हा तर्क. तो सगळा भाग भारताचं नाव न घेता स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते तपासा. राहत नसेल तर थॉमस यांचं नाइटमधलं उत्तर परीक्षक तुमच्याच तोंडावर मारतील.

भारतीय निकाल देताना क्रम सांगा: फेब्रुवारी १९८३ चा वैतीश्वरन दोन वर्षांच्या विलंबाची ठरावीक मर्यादा घालतो, मार्च १९८३ चा शेरसिंग ती मर्यादा नाकारतो पण विलंब विचारात घ्या म्हणतो, त्रिवेणीबेन पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विषय पक्का करतो. नुसता वैतीश्वरन दिलात तर हार्लन यांनी वॉरन यांना पकडलं तसं तुम्हाला पकडतील. शिवाय आपल्याकडे हे प्रश्न अनुच्छेद २१ खाली, आणि बहुतेकदा दयेच्या अर्जाला लागलेल्या वेळावरून येतात. अमेरिकेत बराचसा वेळ कैद्याच्या स्वतःच्या अपिलांत जातो, आणि थॉमस यांचा मुख्य हल्ला त्यावरच आहे. हा फरक प्रतिपक्षाने काढण्याआधी तुम्हीच एका परिच्छेदात मांडा आणि मग सांगा की तरीही भारतीय निकालातला कुठला भाग उपयोगी पडतो: विलंबाचा माणसावर होणारा परिणाम, कारण तो विलंब कुणामुळे झाला यावर अवलंबून नाही.

मथळ्यात 'दुजोरा' असा शब्द ठेवा. 'आधार' लिहू नका. आणि नागरी हक्कांच्या कराराचा अनुच्छेद ७ द्यायचा मोह झाला तर त्यालाही अमेरिकेने अट जोडली आहे: क्रूर वागणुकीवरची बंदी आपल्या पाचव्या, आठव्या आणि चौदाव्या दुरुस्तीइतकीच मानू. ती अट त्याच वाक्यात लिहा, तळटीपेत नको.